खानदेशातल्या मशिदी, दर्गे आणि मकबरे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुटीच्या दिवशी मी ओळखीच्या लोकांना घेऊन थाळनेर, फरकांडे, बऱ्हाणपूर, असीरगड अशा ठिकाणी जातो. घरी पोहोचताच बहुतेकांचे प्रश्न सुरू होतात, आणि तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अवघड नंतर. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मशीद, दर्गा, मकबरा, ईदगाह यांत नेमका फरक काय?

मशीद म्हणजे नमाज पढण्याची जागा. तिथे कबर असावीच लागत नाही. दर्गा म्हणजे एखाद्या सूफी संताची कबर आणि तिच्याभोवती वाढलेलं स्थान. मकबरा म्हणजे कबरीवर बांधलेली इमारत. ती राजाची असेल, सरदाराची असेल. तिथे नवस किंवा गलेफ, म्हणजे कबरीवर चढवायची चादर, असेलच असं नाही. ईदगाह म्हणजे गावाबाहेरचं मोकळं मैदान आणि पश्चिमेला एक भिंत. रमजान ईद आणि बकरी ईद या दोन दिवशी सगळं गाव तिथे नमाजाला जमतं.

आपल्याकडे बोलताना सरसकट "पीर" किंवा "दर्गा" म्हणतात. थाळनेरच्या राजांच्या कबरींनाही लोक दर्गा म्हणताना मी ऐकलं आहे. बोलण्यात चालून जातं. पण नाव चुकलं की इतिहासही चुकतो, म्हणून हा प्रश्न मी मुद्दाम पहिला घेतला.

२. मशिदीचं तोंड पश्चिमेलाच का असतं? आणि कबरी उत्तर-दक्षिण का?

नमाज मक्केतल्या काबाच्या दिशेने पढतात. या दिशेला किब्ला म्हणतात. आत पश्चिमेच्या भिंतीत जो कमानीचा कोनाडा असतो तो मेहराब, आणि तो किब्ला दाखवतो. त्याच्या उजव्या अंगाला पायऱ्यांचं मिंबर असतं. शुक्रवारचा खुतबा, म्हणजे प्रवचन, त्यावरून देतात.

खानदेशाची गंमत अशी, की मक्का आणि आपण जवळपास एकाच अक्षांशावर आहोत. जळगाव साधारण २१ अंशांवर, मक्का २१ अंशांच्या किंचित वर. तरीही धुळ्यातून काढलेला किब्ला बरोबर पश्चिमेला येत नाही, सुमारे सात अंश उत्तरेला झुकतो. पृथ्वी गोल असल्यामुळे दोन गावांमधली सगळ्यात जवळची वाट नकाशावरच्या सरळ रेषेसारखी नसते, म्हणून हा फरक. जुन्या इमारतींत हे माप थोडं मागेपुढे झालेलं दिसतं.

कबरीत देह उत्तरेला डोकं, दक्षिणेला पाय आणि चेहरा पश्चिमेकडे वळवून ठेवतात. म्हणून आपल्याकडे कबर उत्तर-दक्षिण दिसते. मक्केच्या उत्तरेला किंवा दक्षिणेला असलेल्या देशांत ती तशी नसते.

३. आम्ही मुस्लीम नाही. आत गेलं तर चालेल का? बायकांचं काय?

विचारून गेलं तर बहुतेक ठिकाणी चालतं, आणि विचारावंच. मशिदीत मौलाना किंवा विश्वस्तांपैकी कुणी भेटतं, दर्ग्यावर देखभाल करणारा मुजावर असतो. शुक्रवारी दुपारची वेळ टाळा. चपला बाहेर, डोक्यावर रुमाल किंवा ओढणी. नमाज पढणाऱ्याच्या समोरून जाऊ नका, त्याच्या मागून जा. फोटो काढायचा तर आधी परवानगी घ्या, आणि माणसांचा तर घेऊच नका. गेल्या इतक्या वर्षांत आम्हाला कुणी परत पाठवलं असं फार क्वचित घडलं. पाणी विचारलं असं मात्र दर वेळी.

बायकांना बऱ्याच दर्ग्यांच्या आवारात जाता येतं. कबरीजवळच्या आतल्या खोलीचा नियम ठिकाणागणिक बदलतो. मुंबईच्या हाजी अली दर्ग्याबाबत मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली बायकांच्या बाजूने निकाल दिला. गावाकडे मात्र तिथल्या मंडळींना विचारून जाणंच बरं.

४. फारुकी म्हणजे कोण? शाळेत तर आम्हाला हे शिकवलंच नाही.

खरं आहे, आणि मला त्याचं वाईट वाटतं. बहमनी, निजामशाही, आदिलशाही आपल्याला पाठ असते. पण ज्या राजांनी खानदेशावर दोनशेहून जास्त वर्षं राज्य केलं त्यांचं नावही इथल्या मुलांना माहीत नसतं.

दिल्लीचा सुलतान फिरोजशाह तुघलक याने १३७० साली मलिक राजा नावाच्या सरदाराला थाळनेर आणि करवंद हा मुलूख दिला. दोन्ही गावं आजच्या शिरपूर तालुक्यातली. १३८२ पासून मलिक राजा स्वतंत्रपणे कारभार करू लागला. आपण दुसरे खलीफा उमर फारूक यांच्या वंशातले आहोत असं हे घराणं सांगत असे, म्हणून फारुकी. १३९९ साली मलिक राजा गेला. त्याचा मुलगा नासिर खान याने असीरगड घेतला आणि तापीच्या काठावर बऱ्हाणपूर वसवलं. पलीकडच्या काठावरचं जैनाबादही त्याचंच. ही दोन्ही नावं खुलताबादच्या दोन सूफी संतांची आहेत: बुरहानुद्दीन गरीब आणि जैनुद्दीन शिराजी. म्हणजे राजधानीला नाव देताना राजाने स्वतःचं नाव न देता गुरूंच्या परंपरेचं नाव दिलं. औरंगजेबाची साधी कबर खुलताबादला याच जैनुद्दीनांच्या दर्ग्याच्या आवारात आहे.

राज्य लहान होतं. एका बाजूला गुजरात, दुसऱ्या बाजूला माळवा, खाली बहमनी आणि नंतर निजामशाही. कधी सोयरीक करून, कधी खंडणी देऊन, कधी असीरगडाचे दरवाजे लावून या घराण्याने १६०१ पर्यंत तग धरला. शेवट कसा झाला ते प्रश्न १४ मध्ये.

५. खानदेश म्हणजे "खानांचा देश" हे खरं का?

नेहमी दिलं जाणारं स्पष्टीकरण हेच आहे: गुजरातच्या सुलतानाने नासिरला "खान" हा किताब दिला आणि त्यावरून मुलखाचं नाव पडलं. कान्हदेश, म्हणजे कान्ह्याचा देश, आणि खांडववनाशी संबंध, अशाही व्युत्पत्ती सांगतात. अकबराने मुलूख जिंकल्यावर शाहजादा दानियालच्या नावाने त्याचं "दानदेश" केलं; ते नाव टिकलं नाही. लोकांच्या तोंडी खानदेशच राहिलं, आणि मला वाटतं व्युत्पत्तीच्या वादापेक्षा ही गोष्ट जास्त बोलकी आहे.

६. बऱ्हाणपूर तर मध्य प्रदेशात आहे. ते खानदेशात कसं धरता?

सरहद्द आजची आहे, इतिहास जुना. फारुकींच्या काळात आणि पुढे मोगलांच्या खानदेश सुभ्यात राजधानी बऱ्हाणपूरच होती. इंग्रजांच्या वाटणीत ते मध्य प्रांतात गेलं. खालचा खानदेश जिल्हा १९०६ साली पूर्व आणि पश्चिम असा विभागला. त्यांचे पुढे जळगाव आणि धुळे जिल्हे झाले, आणि १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. रावेरहून बऱ्हाणपूरला सकाळी जाऊन दुपारी परत येता येतं. राजधानी सोडून राज्य पाहायचं, हे काही मनाला पटत नाही.

७. थाळनेरला गेलो, पण चार पडक्या इमारती दिसल्या. त्यात पाहण्यासारखं काय?

थांबून पाहावं लागतं. या फारुकींच्या पहिल्या पिढ्यांच्या कबरी आहेत. मलिक राजा, नासिर खान आणि त्यांच्या नंतरच्या दोन राजांच्या मानल्या जातात. म्हणजे खानदेशाच्या स्वतंत्र राज्याची पहिली सत्तर-पंचाहत्तर वर्षं तुमच्यासमोर एका आवारात उभी आहेत. बहुतेक मकबरे चौकोनी आहेत, एक अष्टकोनी. त्या अष्टकोनी मकबऱ्याला बाहेरून एक फेरी मारा, घाई न करता. प्रत्येक बाजूच्या दगडावर नक्षी आहे, आणि सकाळच्या तिरप्या उन्हात ती जशी उठून दिसते तशी भर दुपारी दिसत नाही. त्यामुळे आठच्या आत पोहोचा.

पुढच्या पिढ्यांच्या कबरी बऱ्हाणपुरात आहेत. थाळनेरचा किल्ला तापीच्या काठावर आहे. १८१८ च्या फेब्रुवारीत इंग्रज सेनापती हिस्लॉपने तो घेतला आणि किल्लेदार तुळशीराम मामा यांना फाशी दिलं. त्या सालाचा उल्लेख प्रश्न १० मध्ये पुन्हा येईल.

८. बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत संस्कृत शिलालेख आहे म्हणतात. ही अफवा ना?

अफवा नाही. राजा अली खान म्हणजे चौथा आदिलशाह फारुकी. त्याने ही मशीद बांधली आणि आतल्या भिंतीवर अरबीसोबत संस्कृत लेखही कोरवला. त्याची सुरुवात अशी:

"श्रीसृष्टिकर्त्रे नमः । अव्यक्तं व्यापकं नित्यं गुणातीतं चिदात्मकम् । व्यक्तस्य कारणं वन्दे व्यक्ताव्यक्तं तमीश्वरम् ॥"

जो दिसत नाही, सगळीकडे भरून आहे, नित्य आहे, गुणांच्या पलीकडचा आहे, चैतन्यरूप आहे आणि दिसणाऱ्या जगाचं कारण आहे, त्या ईश्वराला वंदन. यात एकही शब्द इस्लामच्या एकेश्वरी विश्वासाला धक्का देणारा नाही, आणि एकही शब्द संस्कृत जाणणाऱ्याला परका नाही. कुणी पंडिताने किती विचार करून हे शब्द निवडले असतील! पुढे फारुकी घराण्याची वंशावळ येते, आणि तारीख विक्रम संवत १६४६, शके १५११, पौष शुद्ध एकादशी अशी पंचांगासकट दिली आहे. इसवी सनात ती १५९० च्या जानेवारीत पडते. असीरगडावरच्या मशिदीतही संस्कृत लेख आहे.

आमच्यासोबतच्या एका निवृत्त शिक्षिकेने हा श्लोक तिथे मोठ्याने वाचला. वजू करून, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुऊन, आत येणारी चार-पाच माणसं थांबली, वाचून होईपर्यंत उभी राहिली, आणि त्यातल्या एका आजोबांनी विचारलं, "बाई, मतलब भी बता दो." बाईंनी सांगितला. आजोबा म्हणाले, "सही लिखा है."

मशिदीला घुमट नाही, हेही पाहून ठेवा. एवढ्या मोठ्या जामा मशिदीला घुमट नसणं वेगळंच. समोर कमानींची लांब ओळ आणि दोन टोकांना दोन उंच मनोरे.

९. शिलालेखावर हिजरी साल असतं. त्याचं इसवी सन कसं काढायचं?

हिजरी कालगणना इ.स. ६२२ पासून, म्हणजे पैगंबर मक्केहून मदिनेला गेले तेव्हापासून. वर्ष चंद्राचं, सुमारे ३५४ दिवसांचं. त्यामुळे नुसते ६२२ मिळवून चालत नाही. हिजरी सालाला ०.९७ ने गुणा आणि ६२२ मिळवा. मुमताज महल हिजरी १०४० मध्ये गेली: १०४० गुणिले ०.९७ म्हणजे १००८.८, अधिक ६२२, म्हणजे १६३०.८. खरं साल १६३१. एखाद्या वर्षाचा फरक पडतो. महिना कळला तर तोही मिटतो.

१०. आमच्याकडच्या मोडी कागदावर "सन समान अशर मयातैन व अलफ" लिहिलंय. हे हिजरी साल का?

नाही, आणि इथेच सगळे फसतात. आकडे अरबी आहेत: समान आठ, अशर दहा, मयातैन दोनशे, अलफ हजार. बेरीज १२१८. पण हे हिजरी नसून शुहूर सन आहे, ज्याला मराठी दप्तरात अरबी सनही म्हणतात. हे साल सूर्य मृग नक्षत्रात गेला की बदलतं, म्हणून शेतीच्या हिशेबाला सोयीचं. मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळवा, जानेवारीपासून मृगापर्यंतच्या कागदाला ६००. तुमचा कागद १८१७-१८ चा. थाळनेरचा किल्ला पडला तेच वर्ष. प्रश्न ९ चं गणित इथे लावलं असतं तर उत्तर १८०३ आलं असतं.

फसली सन आणखी वेगळा. त्यात ५९० किंवा ५९१ मिळवतात. आणि अरबी आकडे पाहून कागद "मुसलमानी" समजू नका. पेशव्यांच्या दप्तरात रोज हेच लिहीत. खरीप आणि रब्बी हेसुद्धा अरबी शब्द आहेत: खरीफ म्हणजे शरद ऋतू, रबी म्हणजे वसंत. त्या त्या ऋतूत हाती येणारं पीक.

११. उरूस दरवर्षी मागे का सरकतो? आणि मग आमच्या गावच्या पिराचा उरूस ठरलेल्या पौर्णिमेलाच कसा?

उर्स म्हणजे अरबीत लग्न. संत गेला म्हणजे ईश्वराला जाऊन मिळाला, म्हणून पुण्यतिथीलाच उत्सव. आदल्या रात्री संदल निघतो, चंदनाचा लेप कबरीला लावतात, गलेफ चढवतात, मलिदा वाटतात. तिथी हिजरी महिन्याची असल्यामुळे इंग्रजी तारखेच्या हिशेबाने उरूस दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो. चंद्राच्या वर्षाला जोडून घेणारा अधिक महिना आपल्या पंचांगात आहे, हिजरीत नाही.

तुमच्या गावच्यासारखा अपवाद मात्र महाराष्ट्रात नवा नाही. कल्याणजवळच्या हाजी मलंगचा उत्सव माघ पौर्णिमेला भरतो. जिथे पंचक्रोशीतली सगळी माणसं यात्रेला येतात, सुगीवर सगळ्यांचं गणित चालतं, तिथे मराठी पंचांगाची तिथी धरलेली आढळते. कुणी "हे चुकीचं" म्हणालं तर त्याला यात्रेतल्या दुकानदारांशी बोलू द्या. ते पिढ्यान्‌पिढ्या त्याच तिथीला येतात.

१२. बोहरा लोकांची ईद एक-दोन दिवस आधी कशी?

बाकीचे चंद्र डोळ्यांनी दिसल्यावर महिना बदलतात. दाऊदी बोहरा गणिताने आधीच ठरवलेलं, फातिमी परंपरेतलं पंचांग पाळतात. बऱ्हाणपूरला त्यांचं मोठं श्रद्धास्थान आहे, दर्गाह-ए-हकीमी. १७३० साली निधन पावलेले सय्यदी अब्दुलकादिर हकीमुद्दीन यांची ती कबर. स्वच्छता आणि शांतता पाहायची असेल तर तिथे एक तास बसा.

१३. मोहरमच्या शुभेच्छा द्याव्यात का?

देऊ नका. मोहरमची दहावी, आशुरा, हा इमाम हुसेन यांच्या हौतात्म्याचा दिवस. इ.स. ६८० मध्ये करबला इथे ते कुटुंबातल्या माणसांसह आणि साथीदारांसह मारले गेले. शिया पंथीयांसाठी हा शोकाचा काळ आहे. सुन्नींपैकी अनेक जण नववी-दहावीला रोजा धरतात. आपल्या गावांत ताबूत, सवारी, सरबत असतं, हिंदू घरांतूनही नवस असतात, त्यामुळे बाहेरून सण वाटतो. सरबत घ्या, हात जोडा, पुरेसं आहे. मोहरमची पहिली तारीख हिजरी नववर्षाची. त्या दिवशी काही जण शुभेच्छा देतात, पण समोरच्याने दिल्या तरच आपण द्याव्यात असं मी सांगतो.

१४. राजा अली खान मोगलांसाठी लढून मेला, मग अकबराने असीरगड का घेतला? आणि तो लाच देऊन घेतला हे खरं का?

१५९७ साली गोदावरीकाठी सोनपेठजवळ मोगलांची दख्खनच्या फौजांशी मोठी लढाई झाली. राजा अली खान मोगलांच्या बाजूने होता. संध्याकाळी तो दिसेना, तेव्हा तो फितूर झाला असं समजून मोगल सैनिकांनी त्याची छावणी लुटली. दुसऱ्या दिवशी त्याचा मृतदेह रणांगणावर सापडला. हा प्रसंग वाचताना मला दर वेळी गलबलून येतं.

त्याचा मुलगा बहादूर खान गादीवर आल्यावर अकबरापुढे हजर झाला नाही, असीरगडावर जाऊन बसला. वेढा पडला आणि १६०१ च्या जानेवारीत गड गेला. मोगल दरबारातला अबुल फजल गडावर पसरलेल्या रोगराईचं कारण देतो. जेझुइट पाद्र्यांच्या हकिकतीत गडावरच्या अधिकाऱ्यांना सोनं दिल्याचं येतं. दोन्ही बाजू आपापल्या गरजेने बोलत होत्या. गड तोफांनी पडला नाही, एवढं दोन्हींतून दिसतं.

१५. ताजमहाल आधी बऱ्हाणपूरला होणार होता का?

सिद्ध एवढंच आहे: जून १६३१ मध्ये मुमताज महल बऱ्हाणपूरला बाळंतपणात गेली. शाहजहान तेव्हा दख्खनच्या मोहिमेवर होता. तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत तिला तात्पुरतं दफन केलं आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात देह आग्र्याला नेला. बाकी कथा गाइड सांगतात. त्या ऐका, पण वेळ कुंडी भंडाऱ्यासाठी राखून ठेवा. अब्दुल रहीम खानखाना बऱ्हाणपूरला असताना, १६१५ च्या सुमारास, सातपुड्याकडून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्याने शहरात आणलं. वर शंभराच्या आसपास कुंड्यांची रांग आहे. दोहे लिहिणारा रहीम तो हाच.

१६. तडवी हे आदिवासी की मुसलमान?

दोन्ही. चोपडा, यावल, रावेर तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याशी राहणारे तडवी भिल्ल इस्लाम मानतात आणि अनुसूचित जमातीतही येतात. अनुसूचित जमातीचा दर्जा धर्मावर ठरत नाही, त्यामुळे यात विसंगती नाही. पण नंदुरबार किंवा गुजरातकडे तडवी आडनाव दिसलं की तो माणूस मुस्लीम समजू नका. तिकडचे बहुतेक तडवी मुस्लीम नाहीत. विचारायचंच असेल तर आधी गाव विचारा.

१७. फरकांड्याचे मनोरे हलवून पाहता येतात का?

एरंडोल तालुक्यातल्या फरकांड्याचे मनोरे झुलते म्हणून प्रसिद्ध आहेत: एक हलवला की दुसरा थरथरायचा असं सांगतात. अहमदाबादच्या सिदी बशीर मशिदीच्या मनोऱ्यांचीही हीच ख्याती. हलवून पाहू नका. शतकानुशतकं प्रत्येकाने "एकदाच" हलवलं आहे, आणि दगड-चुन्याचे सांधे कायम टिकत नाहीत.

१८. आमच्या शेतात किंवा मशिदीत कोरलेला दगड आहे. काय करू?

आधी काहीच करू नका. घासू नका, खडूने किंवा तेलरंगाने अक्षरं भरू नका. एका गावात मी कोरलेला दगड पाहायला गेलो, तेव्हा आदल्याच आठवड्यात उरूसासाठी त्यावर चुन्याचा तिसरा हात बसला होता. ज्यांनी लावला त्यांनी तो प्रेमाने लावला होता. वाचता आलं ते फक्त एक वळण आणि एक टिंब.

दगड जिथे आहे तिथेच राहू द्या. सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उजेडात, शेजारी मोजपट्टी ठेवून, समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढा. दगड कुठल्या दिशेला तोंड करून आहे ते लिहून ठेवा. मग पुरातत्त्व खात्याला कळवा, आणि मशिदीतला असेल तर तिथल्या मंडळींना सोबत घेऊनच. रात्र असेल तर फोटोसाठी मोबाईलची बॅटरी दगडाच्या अगदी कडेला, भिंतीला टेकवून धरा. समोरून धरली तर अक्षरं सपाट दिसतात.